चांगली बाग कोणती?

शाळेची वार्षिक परीक्षा संपत आली, की शाळेच्या फाटकापाशी एक प्रश्न मला हमखास ऐकू येतो. "बाई, सुट्टीत मुलांना न्यायला आपल्याकडे चांगली बाग कोणती हो?" मी अर्धवेळ शिक्षिका, त्यामुळे सगळं ठाऊक असणार, अशी या आयांची भाबडी समजूत! विचारणारी बहुधा वर्षा-सहा महिन्यांपूर्वी नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलेली असते. घर छान असतं, गॅलरी असते, खाली गाड्या लावायला जागा असते; पण पोरांनी खेळायचं कुठे, हे काही कुणी ब्लॉक घेताना विचारलेलं नसतं.

आमचं घर निगडी प्राधिकरणात. पुण्याच्या बाहेर, जुन्या मुंबई रस्त्यावरचा हा भाग. पिंपरीला १९५४ साली पेनिसिलिनचा कारखाना निघाला, पाठोपाठ इतर कारखाने आले आणि कामासाठी साऱ्या महाराष्ट्रातून माणसं इथे आली. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि १९८२ साली महानगरपालिका. प्राधिकरण ही संस्था २०२१ साली विसर्जित झाली. पण आम्ही अजून "प्राधिकरणात राहतो" असंच सांगतो. २०२२ साली पिंपरीहून मेट्रो सुरू झाली आणि बिल्डिंगा तर थांबायचं नावच घेत नाहीत. तेव्हा बागेची चौकशी करणाऱ्या बायका वर्षागणिक वाढणार, हे ओघानंच आलं.

आता पूर्वी मी काय उत्तर देत असे, ते आधी सांगते. ते चुकीचं नव्हतंच, अर्धं होतं एवढंच.

निगडीची दुर्गा टेकडी ही पहिली. टेकडीवर दाट झाडी आहे आणि त्यातून चढत जाणाऱ्या वाटा. पहाटे फिरायला येणाऱ्यांची इथे जत्राच असते. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर त्यांना इथेच न्या. चढून दमतात आणि रात्री न सांगता झोपतात! जवळच अप्पूघर आहे, तिथे पाळणे आहेत; पण मुलांना आधी टेकडी दाखवा, मग पाळणे. उलट केलंत, तर टेकडी राहूनच जाते. हा माझा स्वतःचा अनुभव, बरं का.

दुसरा गणेश तलाव, आमच्या सव्वीस नंबरच्या सेक्टरात. कागदोपत्री इथल्या सेक्टरांना 'पेठ' म्हणतात, तोंडी मात्र सगळे सेक्टरच म्हणतात. तलावाच्या कडेने फिरायला सपाट वाट आहे. ज्यांना चढ झेपत नाही त्यांना ही सोयीची. लहान मूल बरोबर असेल तर पाण्याच्या बाजूला आपण चालायचं आणि मुलाचा हात सोडायचा नाही. पाण्यात पाव नि चिवडा टाकायची हौस मुलांना फार. ती मोडून काढा. त्यानं पाणी नासतं आणि पाखरांच्या पोटालाही ते बरं नसतं.

तिसरं भक्ती-शक्ती. शिवाजी महाराज आणि तुकोबा यांच्या भेटीचं शिल्प आहे, ते. पाहुणे आले की इथे न्यावंच लागतं. तिथला राष्ट्रध्वजाचा उंच खांब लांबूनही दिसतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी याच रस्त्याने येते आणि आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला थांबते. मुलांना शिल्प दाखवताना हे सांगितलंत, तर फोटो काढण्यापलीकडे काहीतरी त्यांच्या डोक्यात राहील.

चिंचवडच्या संभाजीनगरात बर्ड व्हॅली आहे. जुनी दगडाची खाण होती, तिच्यात साठलेल्या पाण्याभोवती ही बाग केली आहे. टाकून दिलेल्या जागेचं काय करता येतं, ते मुलांना दाखवायला ही जागा फार चांगली. भोसरीकडच्या मैत्रिणींना भोसरीचा तलाव आणि त्याच्या काठची बाग जवळ पडेल. आणि ऊन फारच असेल त्या दिवशी बागेचा हट्ट न धरता चिंचवडच्या सायन्स पार्कला जा. मुलांना हात लावून, फिरवून बघता येतील अशा वस्तू तिथे आहेत.

झाली यादी! ही यादी मी घडाघडा म्हणून दाखवत असे आणि मनातून खूष होत असे. मग माझ्या सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या.

सासरे गेले त्याला आता दोन वर्षं झाली. वाईजवळच्या गावात आईंचा सगळा जन्म गेला. दारात तुळस, पुढे ओटा, आल्या-गेल्याची हाक. त्या एकदम आमच्या चौथ्या मजल्यावर आल्या. लिफ्टची त्यांना धास्ती, जिने उतरायचे तर गुडघे कुरकुरणार. सकाळी मी शाळेत, हे कारखान्यात, मुलं आपापल्या वर्गांना. दुपारी मी घरी आले की आई गॅलरीत खुर्ची टाकून बसलेल्या दिसायच्या. "जेवलात ना?" "हो." "चहा टाकू?" "टाक." त्यापुढे शब्द नाही. चार वाजले की विचारायच्या, "किती वाजलं गं?" सव्वाचारला पुन्हा तेच. आधी मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? भिंतीवर घड्याळ तर आहे! त्या वेळ विचारत नव्हत्याच, दिवस कसा सरेल ते विचारत होत्या, हे मला कळायला सहा महिने लागले.

डॉक्टरांनी सांगितलं, "आजींना रोज थोडं चालवा, माणसांत न्या." मग काय, बागांची यादी तर माझ्या जिभेवर! रविवारी आम्ही सगळे दुर्गा टेकडीवर गेलो. मुलं पुढे पळाली. आई थोडं चढून एका पायरीवर बसल्या. "आता मी काय चढती व्हय? तुम्ही जा, मी बसते हितंच." मी बरोबर बसले, हे मुलांमागे गेले. घरी आल्यावर रात्री त्या मला म्हणाल्या, "मला नका नेऊ पुन्हा. तुमचा रविवार माझ्या पायात मोडतो." मैत्रिणींनो, ते वाक्य मला फार लागलं. बाग सुंदर होती, आमचा हेतूही चांगला होता. पण ती बाग आईंची नव्हती.

आमच्या मागच्या गल्लीच्या टोकाला एक लहानशी बाग आहे. रोज शाळेत जाताना मी तिच्यावरूनच जाते. पण यादीत तिला मी कधी घेतलंच नव्हतं. घेण्यासारखं काय होतं तिच्यात? दोन झोके, एक घसरगुंडी, चार बाकं, एक कडुनिंब आणि पिंपळाभोवती बांधलेला पार. एका मंगळवारी दूध आणायच्या निमित्ताने आईंना घेऊन निघाले आणि जाता जाता त्या पारावर टेकवलं. तिथे आधीच एक जळगावकडच्या मावशी बसल्या होत्या. त्यांनी आईंकडे पाहिलं नि विचारलं, "कोन्या गावच्या?" झालं! मी दूध घेऊन परत आले तोवर दोघींचं भरताच्या वांग्यावरून चाललेलं होतं. मावशी म्हणत, खरं वांगं आमच्याकडचं. आई म्हणत, कृष्णाकाठची वांगी खाऊन बघा. सहा महिन्यांत आईंचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

आता रोज पाचच्या ठोक्याला आई निघतात. पहिले पंधरा दिवस मी सोबत जात असे. लिफ्टचं बटण दाबायला धाकट्याने शिकवलं. पारावर आता पाच-सहाजणी जमतात. कुणी लातूरच्या, कुणी कोकणातल्या, एक कानडी बोलणाऱ्या आजी आहेत, त्यांना मराठी थोडं कळतं. पण त्यांच्याइतकं मनापासून कुणी हसत नाही. गेल्या पावसाळ्यात आईंना ताप आला, दोन दिवस गेल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. दारात मावशी आणि लातूरच्या ताई, हातात डब्यात मऊ भात. "का नाही आल्या, म्हणून बघायला आलो." दहा वर्षं मी या बिल्डिंगमध्ये राहते, दोन दिवस दिसले नाही म्हणून माझ्या दारात अजून कुणी आलेलं नाही!

तेव्हापासून "चांगली बाग कोणती?" याचं माझं उत्तर बदललं. घरातल्या सर्वांत कमी चालू शकणाऱ्या माणसाला रोज पायी जाता येईल, ती बाग पहिली. टेकडी, तलाव, शिल्प हे सगळं रविवारचं. सणाचं जेवण रविवारी असावं, रोजचा वरणभात घराजवळच हवा.

अशी बाग निवडताना चार गोष्टी बघा. एक म्हणजे वाट. मध्ये मोठा रस्ता ओलांडावा लागतो का, ते आधी एकटीने जाऊन बघा. फरशीवर शेवाळ धरतं का, हे पावसाळ्यात पुन्हा तपासा. दुसरं बसायची जागा. पाठीला टेका असलेलं बाक हवं. फार खाली असलेल्या कट्ट्यावरून म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. तिसरी सावली, आणि ती संध्याकाळी चार-पाचला कुठे पडते, ती. घसरगुंडी पत्र्याची असेल तर उन्हाच्या वेळी आधी आपला हात लावून पाहा, मगच मूल बसवा.

चौथी गोष्ट बायका बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. स्वच्छतागृह. आमच्या एका बागेत ते बांधलेलं होतं. पण त्याला कायमचं कुलूप. त्यापायी एक आजी घरून निघताना पाणी प्यायच्या नाहीत. उन्हाळ्यात! हे कळलं तेव्हा आम्ही अकराजणींनी सह्यांचा अर्ज दिला. पहिल्यांदा "बघतो" म्हणाले, दुसऱ्यांदाही "बघतो" म्हणाले. तिसऱ्यांदा आम्ही आजींनाच बरोबर घेऊन गेलो. आता सकाळ-संध्याकाळ कुलूप निघतं. पाणी कधी असतं, कधी नसतं. तेवढ्यासाठी चौथी फेरी व्हायची आहे. अर्ज लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

थोडं सामानाचं. एक जुनी चादर, पाण्याची बाटली, मुलांना टोपी आणि संध्याकाळी डासांचं मलम. खाऊ सुका न्या, भाजलेले शेंगदाणे किंवा चुरमुरे. काही बागांत खायला बंदी असते, ती पाळा. लहान मुलाच्या खिशात आपला फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा आणि मोठ्या बागेत शिरताना "चुकलास तर या झाडापाशी थांब" असं एक झाड आधीच ठरवून द्या. आणि शक्यतो रोज एकाच वेळी जा. वेळ ठरलेली असली की तीच तीच माणसं भेटतात आणि तोंडओळखीची ओळख होते.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत टेकडीवर जरूर जा, तलावावर जा, मुलांना हुंदडू द्या. पण त्याआधी आज संध्याकाळी घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा हात धरून कोपऱ्यावरच्या बागेत एक चक्कर मारून या. म्हातारं माणूस घरात नसेल तर एकट्या जा. आपल्यालाही दिवसातून अर्धा तास कुणी "किती दिवसांत दिसला नाहीत!" म्हणणारं हवंच असतं की.

तुमच्या भागातली अशी लहानशी बाग कोणती, तिथे कोण भेटतं, मला जरूर लिहून कळवा. आता पाच वाजले. आई चपला घालून दारात उभ्या आहेत आणि म्हणतायत, "तुझं लिहिणं होऊ दे, मी निघते."