रविवारी नेऊन देऊ

गेल्या उन्हाळ्यात नांदेडला मुलीकडे गेलो होतो. संध्याकाळी नातीला घेऊन भाजी आणायला निघालो, तर वजिराबादच्या रस्त्यावर तिला पाचशेची नोट सापडली. घडी घातलेली, कुणाच्या तरी चपलेखाली आलेली. नात आठवीत आहे. तिने नोट उचलली, इकडेतिकडे पाहिले आणि मला विचारले, "आजोबा, हिचं काय करायचं?"

जन्मभर शिक्षकी केलेल्या माणसाला या प्रश्नाचे उत्तर तोंडपाठ हवे. मला ते चटकन देता आले नाही. कारण या परीक्षेत मी स्वतः नापास झालेलो आहे आणि ही गोष्ट आजवर फक्त तिच्या आजीला ठाऊक होती.

१९९१ चा फेब्रुवारी. लातूरला गंजगोलाईतून सायकलवर घरी येत होतो. गोलाई म्हणजे मधोमध देवीचे मंदिर आणि त्याला चहूकडून येऊन मिळणारे सोळा रस्ते. तुरीचे दिवस, त्यामुळे खेड्यापाड्यांतल्या माणसांची ही गर्दी. सायकलच्या चाकाखाली एक फडक्याची पुरचुंडी आली. घरी जाऊन सोडली, तर आत एक हजार सहाशे चाळीस रुपये आणि एक पट्टी. शेतकऱ्याचा माल विकला की आडत्या हिशेबाची जी चिठ्ठी देतो, ती पट्टी. तीवर तुरीचे वजन होते, आडत, हमाली, तोलाई वजा करून उरलेली रक्कम होती, आणि शेतकऱ्याचे नाव व गावही होते. गाव औसा तालुक्यातले, एसटीने फार तर दीड तासाचे.

बायको म्हणाली, "अहो, उद्याच जाऊन द्या. तूर विकून पैसे उडवले असंच म्हणतील त्याला घरी. पट्टीसुद्धा नाही त्याच्याकडे दाखवायला."

मी म्हणालो, "रविवारी नेऊन देऊ."

त्या रविवारी पाहुणे आले. पुढच्या रविवारी शाळेच्या परीक्षेचे काम निघाले. तिसऱ्या रविवारी काय झाले ते आठवतही नाही. पट्टीवर आडतीच्या दुकानाचे नाव छापलेले होते, ते दुकान माझ्या शाळेपासून पाच-दहा मिनिटांवर. तिथे का दिले नाहीत? मला एवढेच आठवते की, 'आडत्याने ते पोचवलेच नाहीत तर?' अशी शंका मी काढली होती. स्वतःच्या खिशात दुसऱ्याचे पैसे असताना तिसऱ्याच्या प्रामाणिकपणाची काळजी करणे किती सोपे असते पाहा!

जूनमध्ये मुलाचा अकरावीचा प्रवेश आला. पुरचुंडीतले सहाशे काढले. पगार झाला की भरून टाकू, असे ठरले. मग श्रावणात काही निघाले, गणपतीत काही निघाले. दिवाळीपर्यंत फडक्यात फक्त पट्टी उरली. हे पैसे ठेवून घ्यायचे असे मी एकदाही ठरवले नव्हते. चोरी करायला निदान मनाचा निश्चय तरी लागतो. मला तोही करावा लागला नाही.

पुढे एका वकील मित्राकडे सहज म्हणून विषय काढला. त्याने कपाटातून भारतीय दंड संहिता काढली आणि कलम ४०३ उघडून समोर ठेवले. १८६० च्या त्या कायद्यात उदाहरणे देऊन समजावण्याची छान पद्धत होती. पहिलाच दाखला रस्त्यावर सापडलेल्या एका रुपयाचा. कुणाचा ते ठाऊक नसताना उचलला, तर गुन्हा नाही. पण पत्रात बँकेची नोट सापडली आणि पत्रावरून मालक कळला, तरी ती ठेवून घेतली, तर गुन्हा. त्यापुढचा दाखला वाचताना माझे कान तापले. कुणाचे पाकीट पडताना पाहिले, परत करण्याच्या इराद्याने उचलले आणि नंतर स्वतःसाठी वापरले, तर तोही गुन्हाच. उचलतानाचा चांगला हेतू तिथे कामाला येत नाही. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, पण हे दाखले कलम ३१४ मध्ये तसेच आहेत. शिक्षा उलट कडक झाली. पूर्वी कमाल दोन वर्षे होती, आता किमान सहा महिनेही ठरले आहेत. १८७२ चा करार कायदा तर म्हणतो की सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी ठेव सांभाळणाऱ्यासारखी असते.

लोक मुळातच लबाड असतात, असे मला मात्र वाटत नाही. २०१९ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांहून जास्त पाकिटे 'रस्त्यात सापडली' असे सांगून बँका, हॉटेले, टपाल कचेऱ्या अशा ठिकाणच्या माणसांच्या हाती दिली. आत मालकाचा पत्ता होता. बिनपैशाच्या पाकिटांपैकी सुमारे ४० टक्क्यांबाबत मालकाला निरोप गेला, आणि पैसे असलेल्यांपैकी ५१ टक्क्यांबाबत! रक्कम आली की माणसाला स्वतःच्या नजरेत चोर ठरण्याची भीती वाटते, असे संशोधकांचे म्हणणे. २०१३ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट'ने सोळा शहरांत बारा-बारा पाकिटे टाकली होती. मुंबईत त्यांतली नऊ परत आली. हेलसिंकीच्या अकराखालोखाल मुंबईचा नंबर लागला.

आणि तरीही आपण काय करतो? रिक्षावाल्याने बॅग परत केली की त्याला शाल, श्रीफळ आणि वर्तमानपत्रात फोटो. सत्कार जरूर करावा. पण गरिबाने पैसे परत केले याचे एवढे नवल वाटते, म्हणजे आपली अपेक्षा काय होती? मास्तराने परत केले असते तर फोटो छापला नसता. मास्तर परत करणारच, असे सगळे धरून चालतात.

आता तर पैसे रस्त्यात सापडायचीही गरज नाही, ते थेट खात्यात येतात. आपल्या मराठवाड्यातलेच उदाहरण घ्या. २०२१ मध्ये पैठण तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या जनधन खात्यात पंधरा लाखांहून जास्त रक्कम जमा झाली. त्याला वाटले, पंतप्रधानांनी सांगितलेले पंधरा लाख आले. नऊ लाख काढून त्याने घर बांधले. काही महिन्यांनी कळले की पैसे एका ग्रामपंचायतीचे होते, बँकेकडून चुकून त्याच्या खात्यात गेले. त्याला हसणारे पुष्कळ भेटले. मला हसू आले नाही. त्याला निदान पैसे आपले आहेत असे वाटले होते. माझ्याकडे तर मालकाचे नाव लिहिलेले होते. (जाता जाता एक. 'चुकून तुमच्या खात्यात आले, या नंबरवर परत पाठवा' असा फोन आला तर घाईने पाठवू नका. आधी खाते तपासा, आणि खरेच आले असतील तर बँकेमार्फतच परत करा. या नावाखाली फसवणूक फार चालते.)

नांदेडच्या माझ्या मेव्हण्याला एकदा सचखंड गुरुद्वाऱ्याजवळ पंजाबातून आलेल्या कुठल्यातरी यात्रेकरूची पैशांची पिशवी सापडली. तो तसाच, पायात चपलाही न घालता, आत कार्यालयात गेला. ध्वनिक्षेपकावर पुकारले आणि अर्ध्या तासात एक म्हातारी सरदारीण धावत आली. मी त्याचे कौतुक करायला लागलो, तर म्हणाला, "दाजी, घरी नेली असती ना, तर मीपण दिली नसती." मेव्हणा दहावी नापास आहे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. आदल्याच दिवशी गणपतीचे विसर्जन झालेले. दमलेली माणसे दगडामातीच्या घरांत झोपेत होती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात गावांची नावे येऊ लागली. त्यांत पट्टीवरचे गाव होते.

शाळेतल्या शिक्षकांबरोबर मी मदतीला गेलो. एक दिवसाचा पगार सगळ्यांबरोबर दिलाच, शिवाय एक हजार सहाशे चाळीस रुपये मदतनिधीत वेगळे भरले. पावती घेऊन घरी आलो. बायकोने ती वाचली आणि म्हणाली, "हे दान झालं. ते देणं होतं."

१९९६ मध्ये एका रविवारी, अखेर रविवारीच, पट्टी घेऊन त्या पुनर्वसित गावात गेलो. सिमेंटची एकसारखी घरे, सरळ आखलेले रस्ते. पारावर चारपाच जण बसले होते, त्यांना नाव विचारले. या नावाची दोन माणसे होती, म्हणाले. एक भूकंपात सगळ्या घरादारासह गेला. दुसरा लेकाकडे पुण्याला असतो. तूर दोघेही पेरायचे. एकाने विचारले, "गुरुजी, काय काम होतं?" मी म्हणालो, "काही नाही, जुनी ओळख होती."

पुण्याचा पत्ता मी मागून घेतला नाही.

तर नात नोट हातात धरून उभी होती. तिला म्हणालो, "आधी इथंच थांबू." अर्धा तास थांबलो. समोरच्या भाजीवालीला सांगितले, शेजारच्या औषधाच्या दुकानात मुलीचा फोन नंबर लिहून दिला. कुणी फिरकले नाही. कायद्याने विचारले तर हा पहिला दाखला, रस्त्यावरचा रुपया. नोट एका पाकिटात घालून नातीने वर तारीख टाकली आणि ते देवघराच्या खणात ठेवले. दर आठवड्याला ती औषधाच्या दुकानात विचारून येते म्हणे.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. "आजोबा, अजून कुणी आलं नाही. तुम्हाला कधी सापडले होते का पैसे?"

"पुढच्या वेळी आलो की सांगतो," म्हणालो.