सुगंध हवा, पण काजळी नको

मनवेलपाड्याहून एका भगिनीचं पत्र आलं. वन-रूम-किचनचं घर, तिसरा मजला, माणसं पाच. दिवाळीत यजमानांच्या ऑफिसातून सुवासिक मेणबत्त्यांचा डबा भेट आला. संध्याकाळी दिवेलागणीनंतर एक लावली की घर कसं प्रसन्न वाटायचं. पण महिन्याभरात शोकेसच्या वरची भिंत काळी पडली, सासूबाईंचा खोकला बळावला आणि घरात दोन पक्ष झाले. सासूबाई म्हणतात, या मेणबत्तीनं माझा जीव घुसमटतो. सूनबाई म्हणतात, मेणबत्तीनं नाही, तुमच्या डासांच्या कॉईलनं. पत्राच्या शेवटी एवढंच, ‘ताई, अजिबात धूर न करणारी मेणबत्ती कोणती, तेवढं नाव कळवा.’

नाव कळवून मोकळं होणं सोपं होतं. पण अशी पत्रं दिवाळीनंतर नेहमी येतात आणि नाव कळवून भागत नाही, हा माझा अनुभव. तेव्हा म्हटलं, आपण जाऊनच यावं. दुपारच्या गाडीनं विरार गाठलं, पूर्वेला उतरून रिक्षा केली. मनवेलपाडा रोडला दोन्ही बाजूंना इमारतीला इमारत लागून. एकीच्या स्वयंपाकघरातली फोडणी दुसरीच्या दिवाणखान्यात. अशा घरात दारात पाऊल टाकणाऱ्याला चांगला वास यावा असं बाईला वाटलं, तर त्यात नखरा कसला? पाचजणांचे कपडे आत वाळत असतात, सकाळचा बोंबलाचा वास दुपारपर्यंत हलत नाही आणि नेमके तेव्हाच पाहुणे टपकतात. मला त्या सूनबाईंची बाजू लगेच पटली.

सासूबाईंची पटायला मात्र पाच मिनिटं लागली. त्यांना दम्याचा जुना त्रास, उशाला पंप ठेवलेला. आणि मेणबत्ती ठेवलेली कुठे, तर शोकेसच्या मधल्या खणात. वरती फळी, समोर गरगर फिरणारा पंखा. खिडकी बंद, कारण खाली गटार आणि साडेसहा वाजले की डास. साडेसहालाच कॉईलही पेटायची. म्हणजे एका बंद खोलीत दोन धूर, आणि दोघी एकमेकींच्या धुराला नावं ठेवणार!

मी सूनबाईंना मेणबत्ती लावायला सांगितलं. वात चांगली नखभर लांब, टोकाला काळा गोळा धरलेला. पंख्याच्या वाऱ्यानं ज्योत सारखी आडवी होत होती आणि तिच्या शेंड्यातून काळा धागा वर निघत होता. मी काही बोलायच्या आतच कॉटवरून सासूबाई म्हणाल्या, “अगं, असं काजळ धरतात. दिवा असा नाही लावत.”

खरं सांगते, त्या एका वाक्यात सगळं आलं.

सासूबाईंचं माहेर वाडा तालुक्यातलं. त्यांच्या लहानपणी काजळ घरीच होई. एरंडेलाच्या दिव्यात जाडसर वात घालायची, ती मुद्दाम मोठी ठेवायची आणि वर तांब्याचं ताम्हण पालथं घालायचं. ज्योत ताम्हणाला टेकली की काजळी धरते. (ते काजळ तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत घालू नये असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ती पद्धत आठवणीपुरतीच ठेवा.) देवापुढच्या निरंजनाला मात्र उलट. वात बारीक, ज्योत लहान, आड वारा नाही. मेणबत्तीला हाच न्याय. काजळी म्हणजे न जळलेला कोळसा. मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञानं १८६०-६१ च्या नाताळात लंडनला मुलांसाठी केवळ मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती. ज्योत पिवळी का दिसते, तर तिच्यात कोळशाचे कण तापून उजळतात म्हणून, हे त्यानं त्यात समजावलं. ज्योत स्थिर असली तर ते कण शेंड्यापाशी पोचेपर्यंत जळून जातात. वात लांब झाली की मेण जास्त ओढलं जातं, वाऱ्यानं ज्योत विस्कटते, आणि ते कण तसेच सुटून तुमच्या भिंतीवर आणि छातीत जाऊन बसतात.

आता मेणाचं. दुकानदार सांगतो, पॅराफिन वाईट, सोयाबीनचं मेण निर्मळ. पॅराफिन खनिज तेलापासून निघतं आणि सोया मेण सोयाबीनच्या तेलापासून, एवढं खरं. पण झाडापासून आलेलं ते स्वच्छच जळतं असं नाही. नाहीतर एरंडेलाची काजळी झालीच नसती! सोयाच्या मेणाची जाड वातीची मेणबत्ती धूर करील, आणि साध्या पॅराफिनची बेताच्या वातीची शांत जळेल. शिवाय डब्यावर ‘सोया’ लिहिलं म्हणजे आत सगळं सोयाच असतं असं धरून चालू नका, मिश्रण सर्रास असतं. सोया मेण मऊ, पन्नास अंशांच्या आसपास वितळणारं, म्हणून ते ग्लासात किंवा डबीत ओतून विकतात. मधमाशांचं मेण कठीण आणि महाग. ते कोणी स्वस्तात देत असेल तर शंका घ्यावी. मेणासाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी वात पाहा, असं माझं मत आहे.

वात सुती, सारखी विणलेली असावी. काही वातींच्या पोटात धातूची तार असते. पूर्वी ती शिशाचीही असे. अमेरिकेनं २००३ पासून शिशाच्या वातींवर बंदी घातली, कारण शिशाची वाफ लहान मुलांना फार वाईट. हल्ली तारेची वात असली तर ती बहुधा जस्ताची किंवा कथलाची असते, पण आपल्याकडे सुटा माल कुठून कुठून येतो. न पेटवलेल्या वातीचं टोक सोलून पांढऱ्या कागदावर घासावं. पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली तर ती मेणबत्ती घरात नको. तार दिसलीच तर मी तरी दुसरी घेईन.

लहान खोलीसाठी घ्यायची तर मेणबत्ती अरुंद घ्यावी. हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा खुलासा करते. रुंद मेणबत्ती थोडा वेळ लावून मालवली की मेण मधल्यामध्ये वितळतं, कडेला भिंत राहते आणि वात विहिरीत बुडाल्यासारखी होते. मग ज्योत धडपडते, धूर करते. पहिल्यांदा लावताना वरचं मेण कडेपर्यंत वितळायला हवं आणि त्याला साधारण इंचाला तास लागतो. तीन इंचांची मेणबत्ती म्हणजे तीन तास! दहा बाय बाराच्या खोलीत तीन तास कशाला ज्योत जाळायची? दीड-दोन इंचांची घेतली तर तेवढ्याच तासांत काम होतं. तीन-चार वातींची परातीसारखी मेणबत्ती दिसायला झोकात असते, पण ती बंगल्यात शोभते.

वासाचं म्हणाल तर डबी बंद असताना, हातभर अंतरावरून ज्या मेणबत्तीचा वास डोक्यात जातो ती आपल्यासाठी नव्हे. मोकळ्या दुकानात जे मंद वाटतं ते घरी उग्र होतं. आणि ‘चंदन’, ‘मोगरा’ ही वेष्टणावरची नावं असतात. आत बहुतेक वेळा रसायनांतून जुळवलेलं अत्तर असतं. त्यात गैर काही नाही, पण कोणाला त्यानं शिंका येतात, कोणाचं डोकं चढतं. एक लहानशी घेऊन चार दिवस पाहावी, मग डझनाचा विचार.

खरेदी झाली की घरची परीक्षा. आम्ही ती सासूबाईंच्या हातानंच केली. पंखा बंद. स्टीलची स्वच्छ वाटी सांडशीत धरून ज्योतीच्या वर वीतभर अंतरावर मिनिटभर पालथी ठेवली. (टेकवायची नाही, टेकवली तर कुठलीही ज्योत काजळी देणार.) पहिल्यांदा वात आहे तशी ठेवून. वाटीला काळा चांद उठला. मग मेणबत्ती मालवली, मेण निवू दिलं आणि कात्रीनं वात तुरीच्या दाण्याएवढी ठेवून बाकीची कापली. पुन्हा लावली, दुसरी वाटी धरली. बोट फिरवलं तर जेमतेम डाग. मेणबत्ती तीच, मेण तेच! सूनबाई म्हणाल्या, “म्हणजे वात कापायची असते होय?” दर खेपेला लावण्यापूर्वी कापायची. निरंजनाची काजळी आपण झाडतोच की.

मालवण्याचीही रीत आहे. फुंकर मारली की पांढरा धूर निघतो आणि खोलीभर वास पसरतो तो मेणबत्तीच्या अत्तराचा नव्हे. ती मेणाची वाफच असते, आणि इतकी ज्वलनशील की काडी नुसती तिच्याजवळ नेली तरी ज्योत उडी मारून वातीला पेटते. हेही फॅरडेनं करून दाखवलं होतं, तुम्ही मात्र करू नका. डबीचं झाकण अलगद ठेवलं की झालं. दिव्याला फुंकर घालू नये, असं आपल्याकडच्या आज्या सांगत आल्या, त्यांना ही वाफ ठाऊक नसेल, पण सांगणं बरोबर होतं.

आगीबद्दल चार शब्द सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वरच्या फळीला, पडद्याला, दोरीवरच्या नायलॉनच्या साडीला धग लागेल अशी जागा नको. टीव्हीजवळ नको. ग्लासातली मेणबत्ती तळाशी अर्धा इंच मेण राहिलं की टाकून द्यावी, काच तडकते. मेण पेटलंच तर पाणी मुळीच ओतू नये, झाकण घालावं. आणि वन-रूम-किचनमध्ये सिलिंडर चार पावलांवर असतो. गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत पसरतो. वास आला की काडी ओढायची नाही, बटणं दाबायची नाहीत, दारं-खिडक्या उघडून १९०६ या क्रमांकाला कळवायचं. हा फोन घराबाहेर जाऊन करावा. दिवे गेल्यावरही या सुवासिक मेणबत्त्या रात्रभर जाळू नयेत. २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्यात होतं तेव्हा दिवसच्या दिवस वीज नव्हती. अशा वेळेसाठी चार्जिंगचा दिवा बरा.

इतकं सगळं सांगून झाल्यावर सूनबाईंना जे ऐकायचं नव्हतं तेही सांगावं लागलं. घरात दम्याचं माणूस असेल तर त्यांच्यासमोर कुठलीच मेणबत्ती नाही. वात कितीही कापा, मेण कुठलंही आणा. काजळी नसली तरी अत्तर असतंच आणि धूर थोडा का होईना होतोच. त्यांचा चेहरा उतरला. सासूबाईंचा खुलला. म्हणून लगोलग दुसरा निकालही देऊन टाकला. कॉईल त्याहून वाईट आहे. मलेशिया आणि चीनमधल्या कॉईलींवर २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं की एक कॉईल जळून जेवढे बारीक कण हवेत येतात तेवढे यायला ७५ ते १३७ सिगारेटी ओढाव्या लागतील. दम्याच्या पेशंटच्या कॉटखाली ती रोज रात्री! सासूबाई म्हणाल्या, “मग डासांनी खाऊ द्यायचं का आम्हाला?” त्यांचंही खरंच.

उपाय खिडकीत होता. खिडकी उघडता आली तर निम्मा वास आपोआप जाणार होता, आणि ती बंद होती ती फक्त डासांमुळे. म्हणजे मेणबत्तीच्या डब्याचे पैसे जाळीत घालायचे. वेल्क्रोच्या पट्टीनं चिकटणारी, धुता येणारी नायलॉनची जाळी मापानं शिवून मिळते. मग सुक्या मासळीचा डबा घट्ट झाकणाचा करून बाहेरच्या कठड्यात ठेवायचा, मोरीच्या जाळीत रोज तांब्याभर पाणी ओतायचं म्हणजे खालचा वास वर येत नाही, पायपुसणं आठवड्याला उन्हात. गाद्याही. एवढं झालं की घराला स्वतःचा असा वाईट वास उरत नाही. वाईट वासावर चांगला वास चढवला तर बोंबील आणि गुलाब दोन्ही येतात, हे मी स्वतः एका लग्नघरी अनुभवलं आहे.

आणि वसई-विरारच्या माणसानं सुगंध डबीतून विकत घ्यावा याचं मला जरा नवलच वाटतं. पश्चिमेकडच्या वाड्यांतला सोनचाफा आणि मोगरा पहाटेच्या गाडीनं दादरच्या बाजारात जातो. दोन सोनचाफे वाटीभर पाण्यात घालून ठेवले तर खोली घमघमते, भिंत काळी होत नाही. फुलाच्या वासानंही कोणाला त्रास होतो म्हणा. सासूबाईंना विचारलं, तर त्यांना चाफा चालतो, रातराणी नाही.

उरलेल्या मेणबत्त्यांचं काय? डब्यात अजून चार होत्या, आणि सूनबाईंना त्या कामवालीला देऊन टाकणं जीवावर आलं होतं. तिच्या घरी तरी खोल्या किती मोठ्या असणार? शेवटी दोघींचं असं ठरलं की सासूबाई शनिवारी संध्याकाळी जीवदानीच्या भजनी मंडळात जातात, तेव्हा खिडकी उघडून, पंखा बंद करून, तासभर लावायची. त्या यायच्या आत मालवून खोली मोकळी करायची.

परवा पोस्टकार्ड आलं. जाळी बसली. भिंतीला चुना लावला. डबीचं झाकण नातवानं हरवलं, म्हणून मालवायला सासूबाईंनी ती परीक्षेची वाटीच काढून दिली आहे.