मडगार्डावरील गंज आणि खंडेनवमीचा रंग

पोळ्याच्या आदल्या दिवशीं बैलाचीं शिंगें साळून, घासून स्वच्छ केल्यावांचून त्यांना कोणी हिंगूळ लावीत नाहीं. परंतु त्याच घरचा शेतकरी खंडेनवमीला ट्रॅक्टर पूजेसाठीं काढतो तेव्हां मागील चाकांवरच्या मडगार्डावर फुगून आलेल्या गंजावरूनच रंगाचा हात फिरवून मोकळा होतो. हार घातला, नारळ फुटला, यंत्र नव्यासारखें दिसूं लागलें, काम झालें! ही रीत सोडून द्यावी असें आमचें स्पष्ट मत आहे.

गंज म्हणजे वरून बसलेला मळ नव्हे. लोखंड, हवेंतील प्राणवायु व पाणी यांच्या संयोगानें तो होतो, आणि ज्या लोखंडापासून झाला त्याहून अधिक जागा व्यापतो. म्हणूनच वरचा रंग फोडासारखा उचलला जातो. अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यावर धरणारा थर आंतील धातूचें रक्षण करतो. गंजाचा थर सच्छिद्र असल्यानें उलट ओल धरून ठेवतो. त्यावर दिलेला रंग पत्र्याला चिकटत नाहीं, गंजाला चिकटतो, आणि गंजाबरोबरच गळून पडतो. शिवाय वर दिसणारा ठिपका पुष्कळदां खालून आलेला असतो. चाकानें उडविलेला चिखल आंतल्या बाजूस, दुमडलेल्या कडेंत आणि बोल्टांभोंवतीं बसतो व दिवसचे दिवस ओला राहतो. त्यांत म्युरिएट ऑफ पोटॅशसारख्या खताचे कण मिसळले, तर त्यांतील क्षारामुळें गंज झपाट्यानें पसरतो.

हें केवळ शोभेचें प्रकरण असतें तर आम्ही लेखणी उचलली नसती. गांवोगांव मजूर, पाहुणे, प्रसंगीं लहान मुलेंदेखील मडगार्डावर बसून जातात. बसूं नये, चालकाखेरीज तेथें कोणासही जागा नाहीं, हें आम्ही बजावून सांगतों. पण बसतात, हेंही आम्हांस दिसतें. बोल्टापाशीं कुजलेला पत्रा माणसाच्या भारानें फाटला तर खालीं फिरतें चाक आहे, हें घरधन्यानें विसरूं नये. आम्हीही ठेच लागूनच शहाणे झालों. एके वर्षीं आमच्याच हातानें रंगविलेल्या मडगार्डावर सहज पेचकसाचें टोंक दाबलें, तों तें आरपार गेलें. रंग तेवढा शाबूत होता.

तेव्हां प्रथम मडगार्ड दोन्ही बाजूंनीं धुऊन उन्हांत पुरता वाळवावा आणि गंजाच्या जागीं असेंच टोंचून पाहावें. टोंक आंत गेलें तर लांबी भरून भोक बुजविण्याचा मोह आवरावा; लांबी ओल शोषते, आणि भार तर मुळींच सोसत नाहीं. कुजका भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करून घ्यावा. त्यापूर्वीं बॅटरीच्या तारा सोडावयास कारागिराला सांगावें. पत्रा शाबूत असेल तर सुटा गंज तारेच्या ब्रशानें काढून, मग पॉलिश पेपरनें, आधीं ८० व नंतर १८० नंबरच्या, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासावें. भोंवतालचा बोटभर चांगला दिसणारा रंगही खरवडावा, कारण गंज त्याखालीं सरकलेला असतो. या कामांत नाकातोंडावर फडकें असावें. पुढें थिनरनें पुसून त्याच दिवशीं रेड ऑक्साइडचा हात द्यावा. उघडें लोखंड रात्रभर दंवांत राहिलें कीं सारी मेहनत फुकट. तो वाळल्यावर रंगाचे दोन पातळ हात, आंतल्या बाजूसही.

कित्येक जण आंतून जळकें ऑइल फासतात. त्यानें गंज कांहीं काळ थोपतो खरा, पण पुढें रंग धरत नाहीं, आणि तें तेल धुपून आपल्याच जमिनींत उतरतें. आम्हांस हा उपाय पसंत नाहीं.

हें काम खरिपापूर्वींच्या उन्हाळ्यांत करावें. खंडेनवमीच्या सुमारास हवेंत ओल असते, आणि सणाच्या घाईंत घासण्याला कोणाचा हात लागत नाहीं. यंदा तो डबा उघडण्यापूर्वीं निदान मडगार्डाखालीं हात घालून पाहावा, आणि सुका चिखल लागला तर तेवढा तरी खरवडून काढावा. त्या दिवसापुरतें पूजेला झेंडूचे हार पुरेसे आहेत. रंग उन्हाळ्यांत देतां येईल.