जुन्या रोड बाइकचा पार्ट नगरमध्ये शोधताय? नाव नको, माप विचारा

इमामपूर घाटाच्या चढाला माझ्या रोड बाइकचा उजवा शिफ्टर गेला. शिफ्टर म्हणजे ब्रेकच्या लिव्हरमध्येच बसवलेला गिअर बदलायचा खटका. दाबला की आत जायचा, पण गिअर काही हलेना. नगरला परत येऊन दोन-तीन दुकानं फिरलो. उत्तर सगळीकडे एकच: "हा माल आता येत नाही. पुण्याला बघा."

उत्तर खोटं नव्हतं. माझ्या सायकलवर शिमानोची २३०० ही मालिका आहे. आठ गिअरची, दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या स्वस्त रोड बाइकवर सर्रास दिसणारी. कंपनीने ती केव्हाच बंद केली आणि तिच्या जागी क्लॅरिस ही मालिका आणली. मग मी क्लॅरिसचा आठ गिअरचा शिफ्टर मागवला आणि जुन्याच डिरेलरला जोडला. पहिल्या फेरीत सगळे गिअर लागले. नाव मेलं होतं, माप जिवंत होतं. सगळा मुद्दा इथेच आहे.

काळी सायकल मरत नाही, ती का?

३ जून २०२० ला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलस कंपनीने साहिबाबादचा कारखाना बंद केला. तरी आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही बाजारच्या गावात ॲटलसला चेन आणि फ्रीव्हील मिळतं. कारण त्या सायकलची मापं एका कंपनीची नाहीतच. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. फ्रीव्हीलचे आटे १.३७ इंच व्यासाचे, इंचाला २४. ही मापं सगळ्यांची, म्हणून पार्ट कुणीही बनवू शकतो.

गिअरच्या सायकलचं तसं नाही. तिथे खटका, केबल, डिरेलर आणि मागच्या दातेरी चकत्या यांचा हिशोब एकमेकांशी जुळावा लागतो. शिमानोच्या आठ गिअरच्या कॅसेटमध्ये दोन चकत्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत ४.८ मिमी अंतर असतं. नऊ गिअरला ते ४.३५, दहाला ३.९५. जुन्या रोड मालिकांत केबल १ मिमी ओढली की डिरेलर साधारण १.७ मिमी सरकतो. म्हणजे आठ गिअरच्या शिफ्टरने एका खटक्याला साधारण २.८ मिमी केबल ओढली की काम झालं.

हे प्रमाण शिमानोने बरीच वर्षं बदललं नाही, म्हणूनच माझी सायकल वाचली. मोठा अपवाद १९९७ च्या आधीच्या ड्युरा-एसचा. त्याचं प्रमाण वेगळं, त्यामुळे तिथे ही अदलाबदल चालत नाही.

दुकानात जाण्याआधी काय मोजायचं?

"२३०० चा पार्ट आहे का" असं विचारलं तर "नाही" हेच ऐकायला मिळणार. त्याऐवजी या गोष्टी कागदावर लिहून न्या:

१. मागे किती चकत्या आहेत? दुकानदाराला मालिकेच्या नावाआधी हा आकडा सांगा.

२. फ्रीव्हील की कॅसेट? चाक काढून चकत्या उलट्या फिरवा. हत्यार बसतं ती मधली खाच चकत्यांबरोबर फिरली तर कॅसेट, जागच्या जागी राहिली तर फ्रीव्हील. सहा-सात गिअरचं आट्यांचं फ्रीव्हील शिमानोच्या टूर्नी मालिकेत आजही मिळतं.

३. मागच्या हबची रुंदी किती? जुन्या सहा-सात गिअरच्या रोड बाइकला बहुधा १२६ मिमी, आठ गिअरपासून पुढे १३० मिमी.

४. पाच बोल्टच्या क्रँकवर शेजारच्या दोन बोल्टमधलं अंतर किती? मध्यापासून मध्यापर्यंत साधारण ७६ मिमी भरलं तर चेनरिंग १३० ची, साधारण ६५ भरलं तर ११० ची. या मापाच्या चेनरिंग दुसऱ्या कंपन्याही बनवतात.

५. चेन किती ताणलीय? एक फुटाची पट्टी लावा. नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. त्या एक-सोळांश इंचाने वाढल्या की चेन बदला. एक-अष्टमांश होईपर्यंत थांबलात तर कॅसेटही गेली समजा, आणि जुनी कॅसेट शोधणं चेनपेक्षा फार अवघड.

काही अडचणी तर गावातच सुटतात. सात गिअरची कॅसेट आठ गिअरच्या हबवर बसवायची तर मागे ४.५ मिमी जाडीचा स्पेसर लागतो. ही नुसती एक चकती आहे. नागापूर एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या माणसाला माप दिलं की काम होतं. खटक्याचा शिफ्टर मिळालाच नाही तर बिनखटक्याचा लिव्हर लावायचा. त्याला चकत्यांच्या अंतराशी देणंघेणं नसतं, गिअर हाताच्या अंदाजाने लावायचा. सवय व्हायला आठवडा लागतो.

मग काळजी कशाची?

काळजी पुढची आहे. शिमानोने २०२३ मध्ये क्यूज नावाची नवी मालिका आणली आणि २०२५ मध्ये ती रोड बाइकच्या वळलेल्या हँडलसाठीही आणली. क्यूजमध्ये ९, १० आणि ११ गिअरसाठी एकच मापव्यवस्था आहे. ही चांगलीच गोष्ट. पण केबल ओढण्याचं प्रमाण जुन्यापेक्षा वेगळं आहे. म्हणजे क्यूजचा शिफ्टर माझ्या डिरेलरवर चालणार नाही. जी खिडकी क्लॅरिसमुळे उघडी होती, ती हळूहळू बंद होईल. आठ-नऊ गिअरची सायकल टिकवायची असेल तर शिफ्टर पूर्ण जाण्याची वाट बघू नका, आत्ताच एक घेऊन ठेवा.

किमतीत थोडा दिलासा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. करापूर्वी ३,००० रुपयांच्या शिफ्टरवर २१० रुपये वाचतात. पण जो पार्ट बाजारात नाही, त्यावर कर किती याला काय अर्थ?

इथे दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न येतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. तिने चार क्षेत्रं धरली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि मोटारवाहनं. त्यानंतर वस्तू किती दुरुस्त होऊ शकते हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवाल मे २०२५ मध्ये आला, तोही मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंपुरता. साधी सायकल कुठेच नाही. बहुधा ती कुठेही दुरुस्त होते असं गृहीत धरलं असावं. काळ्या सायकलबाबत ते खरं आहे, गिअरच्या सायकलबाबत नाही.

पार्ट वीस वर्षं बनवत राहा, असं मी कंपन्यांना म्हणणार नाही. मागणी त्याहून छोटी आहे. मालिका बंद करताना केबलचं प्रमाण, चकत्यांमधलं अंतर आणि काय कशाला चालतं याचा तक्ता सायकलबरोबर द्या, मराठीसकट. म्हणजे "हा माल येत नाही" म्हणणारा नगरचा दुकानदार पुढचं वाक्यही सांगू शकेल: "पण हा चालेल."