आजी अमेरिकेला जाते ती मालिका पाहायला नव्हे



आपल्या दर्यापूर-बनोसातून आता दरवर्षी कोणी ना कोणी आई लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणाला परदेशी जाते. बॅगेत मुगवड्या, कुरडया, सरगुंडे, डिंकाचे लाडू, बाळाची टोपडी, पूजेचं पुस्तक आणि पाणी गाळायचं नवं कापड. अमेरिकेत साधारण सहा महिने राहता येतं, त्या हिशेबाने सगळं भरलेलं असतं. आणि निघण्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो, "तिकडे आपल्या मालिका दिसतात ना वं?" तिकडून उत्तर येतं, "दिसतात ना आई, सगळ्या दिसतात." मग आईच्या जिवात जीव येतो.

माझा राग या प्रश्नावर नाही, त्यामागच्या समजुतीवर आहे. मायदेशचा टीव्ही लावला की घर सोबत आलं, मुलांवर संस्कार झाले, मराठी टिकली, असं आपण धरून चाललो आहोत. लेकीही तसंच म्हणतात आणि आपणही माना डोलावतो. मला हे मुळीच पटत नाही. टीव्ही घर नेत नाही. उलट घरातलं जे खरोखर नेण्यासारखं आहे त्याची जागा तो अडवून बसतो, आणि सगळ्यांत आधी जागा जाते ती आजीची.

पहिली सबब भाषेची. "दिवसभर मराठी कानावर पडते, तेवढंच बाळ शिकेल." यावर एक प्रयोग झालेला आहे, तो सर्व आयांनी आणि आज्यांनी माहीत करून घ्यावा. अमेरिकेतल्या सिएटल शहरात, वॉशिंग्टन विद्यापीठात, पॅट्रिशिया कूल नावाच्या संशोधिकेने नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, त्यांच्याशी खेळली, त्यांना पुस्तकं वाचून दाखवली. अशा फक्त बारा बैठका झाल्या, आणि ती बाळं चिनी भाषेतले बारीक आवाजभेद ओळखायला लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, पण टीव्हीवर दाखवलं. ती बाळं काहीच शिकली नाहीत. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या आज्यांना हे बिनप्रयोगाचं ठाऊक होतं. बाळाच्या डोळ्यांत पाहून "काय करून राहिलं माझं सोनं?" असं विचारणारं माणूस लागतं. पडद्यावरची बाई बाळाकडे पाहत नाही.

थोडी मोठी पोरं मालिका पाहून मराठी समजायला शिकतात, हे मी मान्य करते. पण ती उत्तर इंग्रजीतच देतात, कारण मालिका त्यांना काही विचारत नाही. आजी विचारते. "पाणी पिलं काय? शाळेत कोणाशी भांडला? काऊन रुसला?" या तीन प्रश्नांना उत्तर देताना पोराच्या तोंडून जेवढी मराठी निघेल तेवढी शंभर भाग पाहून निघायची नाही. आणि ही आजी त्याच खोलीत सोफ्यावर बसलेली असते, नातवाला मांडीवर घेऊन, पण डोळे समोरच्या पडद्यावर. सात समुद्र ओलांडून गेली, आणि करते काय? जे ती दर्यापुरातही करू शकली असती तेच.

दुसरी सबब घराची. "मालिका पाहिली की आपल्या घरी असल्यासारखं वाटतं." कोणाच्या घरी? मी इथे बसून विचारते, बायांनो, या मालिकांतलं एक तरी घर आपलं आहे का? भाषा बहुतेक पुण्या-मुंबईची. क्वचित कधी कोल्हापूर, सातारा किंवा कोकण. आपल्या भागाची बाई एकदाच ठळकपणे आली, 'माझ्या नवऱ्याची बायको' या मालिकेतली नागपूरची राधिका. २०१६ पासून २०२१ पर्यंत ती घराघरांत होती. बोलली आपल्यासारखी, मसाल्याचा धंदाही उभा केला, कौतुकच आहे. पण तिची गोष्ट काय होती? नवऱ्याचं दुसरीशी लफडं आणि त्यावर वर्षानुवर्षं चाललेली कुरघोडी. आपल्या बोलीला पडद्यावर जागा मिळाली, ती नवऱ्याच्या लफड्याच्या गोष्टीत.

आणि जैन घर? त्या घरांत सूर्यास्ताआधी ताटं मांडलेली कधी दिसतात का? पाणी गाळून जिवाणी जपून परत पोचवणारी सून कधी पाहिली? अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी नको म्हणणारी सासू? दशलक्षण पर्वात दहा दिवस बदललेलं स्वयंपाकघर? क्षमावाणीला धाकट्या जावेपुढे हात जोडणारी थोरली? त्या घरात जेवणाचं टेबल रात्री साडेनऊला भरतं आणि त्याच टेबलावर सगळी भांडणं होतात. तिकडे वाढणारं पोरगं हेच पाहून ठरवतं की भारतातलं घर म्हणजे हे. पुढे ते इकडे येतं, आपण साडेपाचला ताट वाढतो, आणि ते आईला विचारतं, "हे लोक इतक्या लवकर का जेवतात?" हे लोक! आपल्याच आजीच्या घरी ते पाहुणं होऊन येतं.

तिसरी गोष्ट धर्माची, आणि इथे मी मुळीच गुळमुळीत बोलणार नाही. आपल्या शास्त्रांत प्रमादाचे पंधरा भेद सांगितले आहेत, त्यांत चार विकथा आहेत. स्त्रीकथा, भक्तकथा म्हणजे खाण्यापिण्याच्या गोष्टी, राष्ट्रकथा म्हणजे देशोदेशीच्या गप्पा आणि राजकथा. आता रिमोट हातात घ्या. मालिका लावली, स्त्रीकथा. पाककृतींचा कार्यक्रम लावला, भक्तकथा. "आपल्या तिकडे काय चाललंय" म्हणून बातम्या लावल्या, राष्ट्रकथा आणि राजकथा. पूर्वी चार विकथा करायला चार ओसऱ्यांवर जावं लागत असे, आता एका बोटाचं काम झालं.

रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले आहेत. अनर्थदंड म्हणजे काही कारण नसताना, काही मिळवायचं नसताना पदरात घेतलेलं पाप. त्यात अपध्यान आहे आणि दुःश्रुती आहे. अपध्यान म्हणजे दुसऱ्याचं वाईट व्हावं असं मनात चिंतणं. दुःश्रुती म्हणजे राग, द्वेष, मद वाढवणारं ऐकणं. मालिकेतल्या खलनायिकेला अपघात व्हावा असं आपल्याला वाटतं की नाही? खरं सांगा. ती बाई नाही, ते घर नाही, तो अपमान झालेला नाही, आणि तरी आपण खरा द्वेष करून मोकळ्या होतो. याहून निष्कारण पाप कोणतं?

वेळेचाही हिशेब करा. अर्ध्या तासाच्या भागातून जाहिराती काढल्या की वीस-बावीस मिनिटं उरतात. दोन भाग पाहिले की चाळीस-चव्वेचाळीस मिनिटं गेली. सामायिकाची दोन घटिका म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. "तिकडे सामायिकाला वेळच मिळत नाही" म्हणणाऱ्या घरात रोज तीन मालिका पाहिल्या जातात. वेळ मिळत नाही की वेळ दुसऱ्याला दिला आहे, ते ज्याचं त्याने ठरवावं.

आता सर्वांत महत्त्वाचं. आपला धर्म प्रवासात सोबत येतो, कारण तो तिथल्या सूर्यावर चालतो. न्यू जर्सीत डिसेंबरात सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये साडेआठच्या सुमारास. रात्रिभोजनाचा त्याग केलेली बाई तिथे डिसेंबरात दुपारीच स्वयंपाक आटोपते. दर्यापुरात तेव्हा सूर्य पावणेसहापर्यंत असतो, पण ती दर्यापूरचं घड्याळ पाहत नाही. खिडकीबाहेर पाहते. म्हणजे नियम पाळण्यासाठी तिला त्या गावाचा उजेड, ऋतू, आभाळ रोज पाहावं लागतं. नियमच तिला त्या गावची करतो.

टीव्ही नेमकं उलटं करतो. इथली रात्री आठची मालिका हिवाळ्यात तिथे सकाळी साडेनऊला लागते. बाहेर लख्ख सकाळ, शेजारीण बर्फ लोटते आहे, आणि आत पडद्यावर सांजवात. शरीर एका सूर्याखाली, मन दुसऱ्या सूर्याखाली. वर्षानुवर्षं असं राहिलेली लेक मग ना तिथली होते ना इथली राहते. शेजारणीचं नाव तिला माहीत नसतं, पण मालिकेतल्या चुलत सासूच्या भावाचं नाव पाठ असतं.

ज्यांच्याकडे वाहिनी नव्हती त्यांनी काय केलं, तेही पाहा. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांचं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली उभं राहिलं. तिथल्या जैन संघांची 'जैना' ही संस्थाही १९८१ चीच. न्यू जर्सीत आचार्य सुशीलकुमारांनी सिद्धाचलम् १९८३ मध्ये स्थापलं. इंग्लंडमध्ये लेस्टरचं जैन मंदिर १९८८ मध्ये झालं. तेव्हा झी टीव्ही नव्हता, तो १९९२ चा. मराठी अल्फा, म्हणजे आजची झी मराठी, १९९९ ची. त्या लोकांना घराची आठवण आली की टीव्ही लावता येत नव्हता, म्हणून ते दुसऱ्याचं दार वाजवायचे, एकत्र जेवायचे, मुलांना बसवून णमोकार म्हणायचे. त्यातून पाठशाळा झाल्या. टीव्ही आल्यावर मंदिरं बांधायची थांबली असं मी म्हणत नाही, पुष्कळ झाली. पण आठवण आली की दाराकडे जायचं की रिमोटकडे, हा प्रश्न त्यांना नव्हता, आपल्या लेकींना आहे.

आता मला कोणी म्हणेल, "तुला दर्यापुरात बसून बोलायला काय जातं? पोरी तिकडे किती एकट्या असतात माहीत आहे का?" माहीत आहे. नवऱ्याच्या मागे एच-४ व्हिसावर गेलेल्या शिकलेल्या मुलींना पूर्वी तिथे नोकरीच करता येत नव्हती. २०१५ नंतर काहींना परवानगी मिळू लागली, तीही नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं काम एका टप्प्यापर्यंत गेलं तरच. अभियंता झालेली पोरगी दिवसभर चार भिंतींत. तिने टीव्ही लावला म्हणून तिला बोल लावणारी मी नाही. मी बोल लावते ते आपल्याला. ती फोन करते तेव्हा आपण काय विचारतो? "कालचा भाग पाहिला काय?" आणि पुढची वीस मिनिटं मालिका. तिला झोप लागते का, दूध पुरतं का, नवरा बोलतो का, तिला रडू येतं का, हे सगळं राहून जातं. मालिकेचं बोलणं सोपं असतं ना! मायलेकींमधला तो एकुलता एक अर्धा तासही आपण एका खोट्या बाईच्या संसाराला देऊन टाकला.

आजारी माणसाला, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला पडद्याचा आधार असतो, तो कोणी काढू नये. धर्माचं दर्शनही नाकारत नाही. आचार्य विद्यासागर महाराजांनी २०२२ चा चातुर्मास आपल्या शिरपूरला केला, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणी पायी दर्शनाला गेल्या. १८ फेब्रुवारी २०२४ ला डोंगरगडच्या चंद्रगिरीवर त्यांची समाधी झाली, तेव्हा दूरदेशीच्या लेकींनी ते पडद्यावर पाहिलं आणि हात जोडले. ते योग्यच झालं. पण त्या दिवशी त्या पडद्यापुढे उभ्या होत्या, आणि पाहून झाल्यावर त्यांनी तो बंद केला. साधन म्हणून वापरलेला पडदा आणि सोबत म्हणून चालू ठेवलेला पडदा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

म्हणून यंदा ज्या जाणार आहेत त्यांनी जाण्याआधी मंदिरात नियम घेऊन जावा, असं माझं सांगणं आहे. बाळ जागं आहे तोवर पडदा बंद. रोज दोन भागांइतका वेळ सामायिकाला नाहीतर नातवाला गोष्ट सांगायला. स्वयंपाक तिथल्या सूर्याप्रमाणे, आणि तो मावळताना नातवाला खिडकीशी नेऊन दाखवायचा. बोलायचं ते आपल्या वऱ्हाडीत, पुस्तकी करून नाही. आणि ज्या इथे राहतील त्यांनी फोनवर मालिकेचं नावही काढायचं नाही. लेकीला विचारायचं, आज कोणाशी बोललीस? नाव सांगता आलं नाही, तर उद्या पुन्हा विचारायचं.

सहा महिने म्हणजे जेमतेम एकशे ऐंशी दिवस. आजी एवढीच मिळते त्या पोराला. मालिका तर काय, परत आल्यावरही तिथेच अडकलेली असेल.

जय जिनेंद्र.