पणजीची हाजरी



'आमचे बाप' या अंकासाठी माझ्याकडं कविता मागितली. खाणकामगार पणजोबावर. मी लिहिली. काळा देह, पेटता कोळसा, आवळलेल्या मुठी, सगळा माल आपल्याकडं तयारच असतो. रात्रपाळीहून येऊन वाचली आणि शरम वाटली. त्याच खदानीत माझी पणजीबी होती, आणि कवितेत ती नुसती भाकरी थापत बसली होती.

ती भाकरी थापून खाली उतरायची.

चांदा जिल्हा, तेव्हाचा मध्यप्रांत. बाईनं जमिनीखाली काम करायला १९३७ पासून बंदी. महायुद्धात कोळसा कमी पडला तशी १९४३ साली ती उठवली. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री कोण? आपले बाबासाहेब. फेब्रुवारी १९४४ मधे दिल्लीच्या कायदेमंडळात यावरून झोड उठली. त्यांनी उत्तर दिलं : ही युद्धाची अडचण आहे, कायमचं नाही, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. १ फेब्रुवारी १९४६ ला बंदी परत लागू झाली.

हे मी अभ्यासवर्गात सांगितलं तर एक कार्यकर्ता म्हणतो, "बाहेर काढू नको, विरोधकांच्या हातात कोलीत मिळंल." अरे, ज्यांनी भर सभागृहात जबाब दिला त्यांना तू झाकून वाचवणार? डिसेंबर १९४३ मधे बाबासाहेब धनबादच्या खाणीत स्वतः खाली उतरले होते. तू क्रांती चौकातल्या पुलाखालनं पुढं गेला नाहीस.

पणजी गेली तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा. ती म्हणायची, "तुह्या पणज्याइतकाच पैसा मले भेटे." हे सांगताना बोटं मोजायची. आणि हेबी तिनंच सांगितलं, की वर ठेवलेल्या पोरीला अफू चाटवून ती खाली जायची. एक दिवस पोर उठलीच नाही.

आता याला मुक्ती म्हणा की शोषण म्हणा. दोन्ही शब्द आपण वर्गात शिकलो. तिच्याकडं एक बरोबरीची मजुरी होती आणि एक मेलेली पोर. माझ्या कवितेत दोन्ही नव्हतं.

बंदी परत आली तशी ती वरच्या कामाला लागली, टोपल्यानं गाडीत कोळसा भरायला. मजुरी कमी. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्यात बाबासाहेबांनी दीक्षा दिली, त्या गर्दीत दोघं होते. १९७३ ला खाणी सरकारी झाल्या, पटावर तिचं नाव चढलं. काही वर्षांनी एका बाबूनं समजावलं, बाई, नोकरी पोराला देऊन टाक. अंगठा घेतला. घरात आजवर सांगतात की 'आजोबाला नोकरी लागली'. त्या पगारावर बाप शिकला, वाळूजला आला. त्या अंगठ्यावर मी उभा आहे.

जानेवारी २०१९ मधे सरकारनं बायांना पुन्हा खाली जायची वाट मोकळी केली. तांत्रिक, देखरेखीच्या, साहेबीच्या कामासाठी. टोपलंवालीसाठी नाही.

या शहराला नावाची किंमत शिकवायला नको. एका नावासाठी आपली माणसं १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लढली. पोचीराम कांबळे गेले, गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतलं. दरवर्षी आपण विद्यापीठाच्या गेटवर ताठ मानेनं उभे राहतो. आणि घरी येऊन बाईचं नाव 'बापाची बायको' असं लिहितो!

मी तरी कोण मोठा? माझ्या गिरणीत कोन वाइंडिंगला बाया आहेत. ठेकेदार त्यांना 'हेल्पर' लिहितो, मला 'ऑपरेटर'. मशीन तेच, धागा तोच. समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. मी आजवर तोंड उघडलं नाही, कारण फरक माझ्या खिशात पडतो.

संपादक, ती कविता छापू नका. अंकाचं नाव बदला, नाहीतर यादीतनं माझं नाव काढा. सात तारखेला पगार होतो. बायांच्या आणि माझ्या पावत्या शेजारीशेजारी ठेवून ठेकेदाराला दाखवायच्या ठरल्यात. अकरा बाया तयार आहेत, पुरुष आम्ही दोघंच. ज्याला यायचं त्यानं पहिली पाळी सुटायच्या आधी गेटवर यावं.