घर हरवलेल्यांचं ‘हाऊस’

‘डीजे’ म्हटलं की आपल्याकडे हल्ली कोणाच्याही डोळ्यांसमोर माणूस येत नाही. येते ती ट्रकवर रचलेली स्पीकर्सची भिंत! ‘मंडळानं डीजे लावला’, ‘डीजेनं खिडक्यांची तावदानं थरथरली’, ‘यंदा डीजेला परवानगी नाही’... विसर्जनाच्या मिरवणुकीनं या दोन अक्षरांचा अर्थच बदलून टाकला. माणसाचं नाव यंत्राला चिकटलं आणि माणूस मागे राहिला.

खरं तर डीजे म्हणजे डिस्क जॉकी. डिस्क म्हणजे तबकडी, ग्रामोफोनची रेकॉर्ड. ती निवडणारा, वाजवणारा, एकीतून दुसरीत अलगद शिरणारा तो डीजे. आवाज किती मोठा हा त्याचा प्रश्नच नव्हे. आता कोणती रेकॉर्ड, हा त्याचा प्रश्न. आणि या एका प्रश्नापायी आयुष्य वेचलेला एक माणूस अमेरिकेत होऊन गेला. त्याचं नाव फ्रँकी नकल्स.

जन्म १८ जानेवारी १९५५ चा, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातला. मूळ नाव फ्रान्सिस निकल्स. पोरगा शिकत होता कापडावरची नक्षी आणि डिझाइन, पण रमला मात्र रात्रीच्या नाचघरांत. लॅरी लेव्हन हा त्याचा जिवलग मित्र. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला दोघांनी न्यूयॉर्कमध्येच रेकॉर्ड वाजवण्याचे धडे गिरवले. पुढे शिकागोत एक नवा क्लब निघायचा होता. तिथं आधी लॅरीला बोलावणं आलं. लॅरीला न्यूयॉर्क सोडवेना. मग १९७७ साली फ्रँकी गेला. मित्राच्या एका नकारानं केवढा इतिहास घडतो पाहा!

शिकागोतल्या साउथ जेफरसन स्ट्रीटवर २०६ क्रमांकाची इमारत होती. कारखान्या-गोदामांच्या वस्तीतली. लोक तिला नुसतंच ‘वेअरहाऊस’ म्हणायचे, म्हणजे गोदाम. दारूचा थेंबही मिळत नसे. मिळायचं ते पाणी आणि फळांचा रस. शनिवारी रात्री सुरू झालेला नाच रविवार उजाडून ऊन चढेपर्यंत चालायचा.

येणारे कोण? बहुतेक कृष्णवर्णीय तरुण, काही लॅटिन वंशाचे आणि त्यातले बरेचसे समलिंगी. म्हणजे ज्यांना गोऱ्यांच्या क्लबांत दारातूनच परत पाठवलं जाई आणि स्वतःच्या घरातही खरं बोलायची सोय नव्हती, अशी मुलं. कित्येकांना तर घरच्यांनी बाहेरच काढलेलं. फ्रँकी पुढे आठवणी सांगताना वेअरहाऊसला चर्चची उपमा द्यायचा. देवाच्या दारातून ज्यांना हाकललं, त्यांचं चर्च! आठवडाभर मान खाली घालून वावरणारी मुलं इथं रात्रभर मान वर करून नाचायची.

आणि तो वाजवायचा तरी कसा! दोन टर्नटेबलं, मध्ये एक मिक्सर. एक रेकॉर्ड लोकांना ऐकू येतेय, दुसरी फक्त त्याच्या कानातल्या हेडफोनमध्ये. टर्नटेबलचा वेग जरासा कमी-जास्त करायचा, दोन्ही गाण्यांचे ठेके अगदी एकमेकांवर बसवायचे आणि मग पहिलं गाणं कधी संपलं, दुसरं कधी सुरू झालं, हे नाचणाऱ्याच्या पायांना कळूही द्यायचं नाही. तबलजी बदलला तरी लय मोडू नये, तसला हा प्रकार.

नुसती रेकॉर्ड पुरत नसे तेव्हा रिळांची टेप मदतीला येई. गाण्यातला नेमका लोकांना वेड लावणारा तुकडा फार छोटा असायचा. मग तो टेपवर घ्यायचा, ब्लेडनं कापायचा, चिकटपट्टीनं जोडायचा. पुन्हा तोच, पुन्हा तोच. तीन मिनिटांचं गाणं असं दुप्पट-तिप्पट लांबायचं. एक गंमत तर वेअरहाऊसला गेलेली माणसं आजही सांगतात. रात्र ऐन भरात आली की फ्रँकी सगळे दिवे मालवायचा आणि त्या मिट्ट काळोखात आगगाडीच्या आवाजाची रेकॉर्ड लावायचा. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धडधडत गाडी अंगावरून गेल्यासारखं वाटायचं. लोक किंचाळायचे आणि मग पुन्हा ठेका!

हे सगळं सुरू असतानाच त्याच शहरात एक आक्रीत घडलं.

डिस्को संगीतानं तेव्हा अमेरिका व्यापली होती. रेडिओ स्टेशनंही धडाधड डिस्कोकडे वळत होती. स्टीव्ह डाल नावाच्या एका रेडिओ जॉकीची नोकरी याच वळणावर गेली. दुसऱ्या स्टेशनवर रुजू झाल्यावर त्यानं डिस्कोविरुद्ध मोहीमच उघडली. तिचा कळस झाला १२ जुलै १९७९ रोजी, शिकागोच्या कॉमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर. योजना साधी. डिस्कोची एक रेकॉर्ड घेऊन या, ९८ सेंटमध्ये, म्हणजे डॉलरपेक्षाही कमी पैशांत, तिकीट मिळवा. दोन सामन्यांच्या मधल्या वेळात त्या साऱ्या रेकॉर्ड्स मैदानात सुरुंग लावून उडवायच्या!

माणसं आली जवळजवळ पन्नास हजार. स्फोट झाला, तबकड्यांच्या चिंध्या उडाल्या आणि हजारो लोक कुंपण ओलांडून मैदानात घुसले. जाळपोळ झाली, खेळपट्टीची वाट लागली, पोलीस आले, दुसरा सामना रद्द करावा लागला. आपला राग फक्त डिस्कोवर होता, कोणत्याही माणसांवर नव्हता, असं डाल पुढेही सांगत राहिला.

पण त्या दिवशी मैदानावर आणखी एक जण होता. व्हिन्स लॉरेन्स नावाचा एक कृष्णवर्णीय शाळकरी पोरगा. प्रेक्षकांना जागा दाखवण्याचं काम तो करत होता आणि मिळणाऱ्या पैशातून त्याला सिंथेसायझर घ्यायचा होता. लोकांनी आणलेल्या रेकॉर्ड्स त्यानं पाहिल्या आणि तो चमकला. त्यात सगळ्या डिस्कोच्या नव्हत्या! डिस्कोशी ज्यांचा काहीही संबंध नाही अशा कृष्णवर्णीय गायकांच्या रेकॉर्ड्सही त्या ढिगात होत्या. ‘म्हणजे हे नेमकं कोणाला जाळताहेत?’ हा प्रश्न त्या वयात मनात घेऊन घरी जाणं सोपं नसतं.

फ्रँकीच्या क्लबात मात्र त्या रात्रीनं काही फरक पडला नाही. शनिवार आला, लोक आले, नाचले. फरक पडला तो रेकॉर्ड कंपन्यांना! त्या घाबरल्या. डिस्कोच्या नव्या तबकड्या निघेनाशा झाल्या. आता डीजेनं वाजवायचं काय? नवा माल नाही म्हटल्यावर दुकानदार दुकान बंद करतो. फ्रँकीनं तसं केलं नाही. जुन्याच रेकॉर्ड्स त्यानं कापल्या, लांबवल्या, त्यांच्याखाली नवा ठेका घातला. पुढे तर डेट्रॉइटच्या डेरिक मे या तरुणाकडून त्यानं ठेका वाजवणारं एक यंत्रच विकत घेतलं. जुनं गाणं आणि त्याखाली यंत्राचा न थकणारा ‘धप् धप् धप् धप्’... काहीतरी वेगळंच जन्माला येत होतं.

त्याला नाव काय? त्याची एक गोष्ट फ्रँकी रंगवून सांगायचा. एकदा तो शिकागोच्या दक्षिण भागातून गाडीतून चालला होता. एका बारच्या खिडकीत पाटी दिसली, ‘आम्ही हाऊस म्युझिक वाजवतो.’ त्यानं बरोबरच्या मित्राला विचारलं, ‘ही काय भानगड?’ मित्र म्हणाला, ‘अरे, तू वेअरहाऊसमध्ये वाजवतोस ना, तेच की!’ नाव ठेवणाऱ्यांनी नाव ठेवून टाकलं होतं आणि ज्याच्यामुळे ठेवलं त्यालाच पत्ता नव्हता.

क्लबात येणारे येऊन-जाऊन काही शेकडा. पण ते संगीत घराघरात नेलं रेडिओनंच. १९८१ पासून शिकागोच्या डब्ल्यूबीएमएक्स स्टेशनवर ‘हॉट मिक्स फाइव्ह’ नावाचे पाच डीजे रेकॉर्ड्स मिसळून वाजवू लागले. क्लबात शिरायचं वय नसलेली पोरं रेडिओसमोर कोरी कॅसेट लावून, बोट बटणावर ठेवून बसायची. बुधवारी रात्री आठ वाजता रेडिओ सिलोनवर अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाला’साठी कान टवकारून बसलेल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको! एका रेडिओच्या माणसानं जे संगीत संपवायची हाक दिली, ते त्याच शहरात दुसऱ्या रेडिओनं जगवलं.

आणि तो मैदानावरचा पोरगा? व्हिन्स लॉरेन्सनं सिंथेसायझर घेतलाच. १९८४ साली जेसी साँडर्स या डीजेबरोबर त्यानं ‘ऑन अँड ऑन’ ही रेकॉर्ड केली. हाऊस संगीताची पहिली तबकडी म्हणून अनेक जाणकार तिचंच नाव घेतात.

या कहाणीला एक मुंबईचं टोकही आहे. शंकर-जयकिशन, आर. डी. बर्मन यांच्याकडे वाजवलेले चरणजित सिंग हे हिंदी चित्रसृष्टीतले वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन जपानी यंत्रं पुढ्यात घेतली आणि दहा रागांना डिस्कोचा ठेका दिला. तबकडी निघाली, कोणी फारसं विचारलं नाही. त्यातलंच एक यंत्र, टीबी-३०३, पुढे शिकागोच्या पोरांच्या हाती लागलं आणि १९८७ साली त्यातून ‘अ‍ॅसिड हाऊस’ची पहिली गाजलेली रेकॉर्ड निघाली. २०१० साली चरणजित सिंगांची तबकडी नव्यानं बाजारात आली आणि ऐकणारे थक्क झाले. हाच आवाज, पाच वर्षं आधी, आणि तोही मुंबईत! शिकागोला मुंबईची खबर नव्हती, मुंबईला शिकागोची. पण सम दोघांनी एकाच ठिकाणी गाठली. चरणजित सिंग २०१५ साली गेले, पण आपल्या तबकडीचं कौतुक पाहून गेले.

फ्रँकी १९८२ च्या अखेरीस वेअरहाऊसमधून बाहेर पडला. पुढे त्यानं शिकागोतच स्वतःचा ‘पॉवर प्लांट’ चालवला आणि मग तो न्यूयॉर्कला परतला. डायना रॉस, मायकेल जॅक्सन, चाका खान... मोठमोठ्यांची गाणी त्याच्या हातून नव्यानं घडली. १९९८ साली ग्रॅमी पुरस्कारांत रीमिक्स करणाऱ्यांसाठी पहिल्यांदाच स्वतंत्र पारितोषिक ठेवलं गेलं. ते मिळालं फ्रँकीला. २००४ साली शिकागोनं, जिथं वेअरहाऊस होतं त्या रस्त्याच्या तुकड्याला त्याचं नाव दिलं. त्या कामी खटपट करणाऱ्यांत इलिनॉय राज्याचा एक तरुण सिनेटर होता. नाव बराक ओबामा!

मधुमेहानं मात्र पाठ सोडली नाही. २००८ साली एक पाऊल कापावं लागलं. रात्रभर उभ्यानं काम करणाऱ्या माणसाचं पाऊल! तरी तो वाजवत राहिला. ३१ मार्च २०१४ रोजी वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी तो गेला. त्याच्या काही दिवस आधीसुद्धा तो लंडनमध्ये लोकांना नाचवत होता.

आणि त्याच्या रेकॉर्ड्स? त्या आहेत शिकागोतच. शहराच्या दक्षिण भागातली एक जुनी, पडायला आलेली बँकेची इमारत थिएस्टर गेट्स या कलावंतानं वाचवली. २०१५ पासून तिथं ग्रंथालय आणि कलादालन आहे. फ्रँकीच्या सुमारे पाच हजार तबकड्या तिथं जपून ठेवल्या आहेत. २०२३ साली वेअरहाऊसच्या इमारतीलाही शहरानं वारसा वास्तूचा दर्जा दिला. ते कॉमिस्की पार्क मात्र १९९१ सालीच पाडलं गेलं.

एकाच शहरात रेकॉर्ड्सचा एक ढीग सुरुंगानं उडवला गेला आणि दुसरा बँकेत ठेवला गेला. मधली सारी वर्षं एक माणूस रोज रात्री एकच प्रश्न स्वतःला विचारत उभा होता... आता कोणती रेकॉर्ड?

यंदा मिरवणुकीतली ती स्पीकर्सची भिंत छातीत धडधडायला लागली, की एवढंच आठवा. डीजे ती भिंत नव्हे. त्या भिंतीमागे, हेडफोन कानाला लावून, समोरच्यांच्या पायांकडे बघत जो उभा असतो ना, डीजे तो!